विंडशिअरचा डिस्प्ले कंट्रोलरकडून टेस्ट करून घ्यायचा म्हणजे नक्की काय बघायचं?

सांगलीचा_पंखा

मंडळी, थोडी मदत हवी होती. एमटेकचा प्रोजेक्ट आहे, विषय विमानतळावरच्या विंडशिअरच्या (थोड्याच अंतरात वाऱ्याचा वेग-दिशा एकदम बदलते त्याच्या) वॉर्निंगचे डिस्प्ले. अमेरिकेत डेन्व्हरच्या स्टेपलटन विमानतळावर १९८८ च्या उन्हाळ्यात टर्मिनल डॉप्लर रडारची, म्हणजे टीडीडब्ल्यूआरची, चालू टॉवरमध्ये स्क्रीन बसवून चाचणी झाली होती. त्यावर सेमिनार देऊन झालाय आणि आता त्याच धर्तीवर एक छोटा सिम्युलेटर करायचाय. स्क्रीनचे दोन प्रकार बनवलेत, एकात रनवेचा नकाशा आणि त्यावर मायक्रोबर्स्टचे (ढगातून जोरात खाली आपटून पसरणाऱ्या वाऱ्याचे) लाल डाग, दुसऱ्यात फक्त अक्षरांची एक ओळ.

गाईड म्हणतात ओळखीचे एअर ट्रॅफिक कंट्रोलर गोळा कर, दोन्ही स्क्रीन दाखव, एक ते पाच मार्क द्यायला सांग, झालं काम. मला ते पटत नाहीये पण दुसरं काय करायचं तेही सुचत नाहीये. रडारने मायक्रोबर्स्ट पकडला की नाही हे तर हवामानवाले तपासतातच (टीडीडब्ल्यूआरला किमान ९० टक्के पकडायचे आणि खोटे अलार्म १० टक्क्यांच्या आत ठेवायचे अशी अटच होती), मग कंट्रोलरला बसवून वेगळं काय कळतं? आणि नकाशात एवढी माहिती असताना माईकवर बसलेल्या माणसाला ती रुक्ष ओळच का दिली? टॉवरमध्ये काम केलेलं कोणी असेल तर प्लीज लिहा, लिंका नकोत, त्या वाचून झाल्यात.

टॉवरकाका

लिंका देत नाही, बसून टाईप करतो. रिटायर झाल्यावर तेवढंच काम आहे.

नकाशा का नको ते आधी. गर्दीच्या वेळी टॉवरमधल्या माणसाची नजर कुठे असते? खिडकीबाहेर, रनवेवर, आणि फायनलवर, म्हणजे उतरण्याआधीच्या शेवटच्या सरळ टप्प्यावर, कोण किती मैलांवर आलंय त्यावर. एक विमान उतरतंय, एक लाईनअप होऊन थांबलंय, तिसरा मघापासून पुशबॅकबद्दल चुकीच्या फ्रिक्वेन्सीवर विचारतोय, आणि फोन वाजतोय तो वेगळाच. त्यात तू त्याच्यापुढे लाल डाग ठेवणार, मग त्याने मनातल्या मनात ठरवायचं की हा डाग अप्रोचवर येतो का बाजूला राहतो, येत असेल तर किती मैलांवर, आणि ते सगळं शब्दांत बसवून बोलायचं. तोवर विमान डागात शिरलेलं असतं.

कंट्रोलर हवामानतज्ज्ञ नाही आणि त्याला तसं करूही नये. त्याला आयतं वाक्य द्या, तो वाचून मोकळा होईल. रुक्ष ओळ म्हणतोस ना, ती रुक्ष आहे म्हणूनच वाचता येते.

जुन्या एलएलवॉसचं (लो लेव्हल विंडशिअर अलर्ट सिस्टीमचं) दुखणं हेच होतं बघ. १९७५ ला न्यूयॉर्कच्या केनेडी विमानतळाजवळ ईस्टर्न ६६ पडलं, त्यानंतर अमेरिकेत ही सिस्टीम आली. विमानतळाच्या मध्यावर एक आणि कडेने पाच, असे वारा मोजणारे सहा खांब. मधल्या आणि कडेच्या वाऱ्यात १५ नॉटचा फरक पडला की अलार्म. आता अलार्म वाजल्यावर कंट्रोलर काय वाचणार? मधला वारा अमुक, ईशान्येच्या खांबावरचा वारा तमुक. म्हणजे फायनलवर असलेल्या पायलटने दोन बाणांची वजाबाकी करायची आणि मग ठरवायचं की आपल्याला त्रास आहे का नाही. ९ जुलै १९८२ ला न्यू ऑर्लीन्सजवळ पॅन ॲम ७५९ टेकऑफ करून लगेच पडलं, त्याच्या थोडंच आधी फ्रिक्वेन्सीवर सांगितलं गेलं होतं की चहूबाजूंना विंडशिअर अलर्ट आहेत. चहूबाजूंना! एवढं ऐकून माणसाने काय करायचं? तिथे जमिनीवरचे आठ धरून १५३ लोक गेले.

तेव्हा तुझ्या प्रश्नाचं सरळ उत्तर, रडारने पकडलं का हा एक प्रश्न आणि पायलटच्या कानात काय पडलं हा दुसरा, आणि दुसऱ्याचं उत्तर रडारवाल्यांकडे नसतं. मार्क देण्याचा तक्ता फाडून टाक आणि कंट्रोलरचा आवाज रेकॉर्ड कर.

बर्फाळ_कोलोरॅडो

काकांशी शंभर टक्के सहमत. मी डेन्व्हरजवळ राहतो आणि रडार डेटावरच पोट आहे, त्यामुळे थोडं लांबण लावतो, सांभाळून घ्या. (स्टेपलटन १९९५ ला बंद झालं, आता तिथे घरं, शाळा, दुकानं, सगळं आहे.)

चाचणीसाठी हीच जागा का, तर इथला मायक्रोबर्स्ट बऱ्याचदा कोरडा असतो. ढगाखाली हवा इतकी कोरडी की पाऊस वरच्या वर वाळून जातो, त्याने हवा थंड आणि जड होते आणि धाडकन खाली येते, जमिनीवर आपटून चारी बाजूंना पसरते. खाली उभं राहिलं तर पावसाचा थेंब नाही, फक्त धूळ उडताना दिसते. वादळांचे अभ्यासक फुजिता यांनी ज्याला मायक्रोबर्स्ट म्हटलं तो जेमतेम चार किलोमीटरच्या आतला प्रकार आणि बहुतेक वेळा पाच-दहा मिनिटांत संपतो. म्हणून टीडीडब्ल्यूआर जमिनीलगतचा स्कॅन दर मिनिटाला करतं. १९८२ ला इथेच त्यावर मोठा अभ्यास झाला, मग एमआयटीच्या लिंकन लॅबचं टेस्टचं रडार मेम्फिस, हंट्सव्हिल करत १९८७ ला डेन्व्हरला आलं.

आता ती ओळ. एफएएने (अमेरिकेच्या विमान वाहतूक खात्याने) चाचणीच्या आधीच एक ग्रुप केला होता, कंट्रोलर, पायलट, एअरलाईनवाले आणि शास्त्रज्ञ एकाच टेबलावर. शास्त्रज्ञांना अर्थातच नकाशा आवडायचा (आम्हाला अजून आवडतो). पण ग्रुपने ठरवलं की टॉवरमधल्या कंट्रोलरला रनवेनुसार ओळ द्यायची, ती जशीच्या तशी वाचता आली पाहिजे, आणि त्याला कुठलाही अर्थ लावायला लागता कामा नये. रिबन डिस्प्ले म्हणतात त्याला. ओळीत क्रम असा: कुठला रनवे आणि अरायव्हल का डिपार्चर, अलर्टचा प्रकार, किती नॉटचा लॉस किंवा गेन (विमानाचा स्पीड किती घटेल किंवा वाढेल), कुठे भेटेल, आणि रनवेच्या टोकाचा वारा. कंट्रोलर वाचतो, "रनवे २६ अरायव्हल, मायक्रोबर्स्ट अलर्ट, ५० नॉट लॉस, २ माईल फायनल". बस.

आणि या एका ओळीत किती निर्णय दडलेत बघ. ३० नॉट किंवा जास्त लॉस असेल तरच मायक्रोबर्स्ट म्हणायचं, १५ ते ३० मधल्या लॉसला आणि १५ च्या वरच्या गेनला विंडशिअर अलर्ट म्हणायचं. रनवेच्या दोन्ही बाजूंना अर्धा मैल, अप्रोचला तीन मैल आणि डिपार्चरला दोन मैल, एवढ्या पट्ट्यात काही आलं तरच अलर्ट, बाकी आकाशात काय चाललंय ते या डिस्प्लेवर येतच नाही. पट्ट्यात दोन-तीन मायक्रोबर्स्ट असले तर आकडा सगळ्यात मोठ्याचा सांगायचा पण जागा सांगायची पहिला जिथे भेटेल ती. काही जण म्हणतील यात गोंधळ आहे, जागा एकाची आणि आकडा दुसऱ्याचा, पण पायलटला हवं असतं तेच, किती वाईट आणि कधीपासून.

नकाशा फेकून दिला नाही, तो सुपरवायझरला दिला. भरलेला लाल आकार म्हणजे मायक्रोबर्स्ट, पोकळ लाल म्हणजे त्याहून सौम्य शिअर, आणि जांभळ्या रेषा गस्ट फ्रंटच्या, आत्ता कुठे आहे ती अखंड रेषा आणि १० व २० मिनिटांनी कुठे असेल त्या तुटक. आपल्याकडे वळीव यायच्या आधी जो गार वारा धूळ घेऊन अंगावर येतो, तोच गस्ट फ्रंट. गंमत म्हणजे रडार बनवलं मायक्रोबर्स्टसाठी, आणि सुपरवायझर लोक खूष झाले ते या तुटक रेषांवर. वारा २० मिनिटांनी फिरणार हे कळलं की रनवे बदलायची तयारी आधी करता येते, नाहीतर दहा विमानं रांगेत असताना ऐनवेळी सगळ्यांना फिरवायचं. ही गोष्ट रडारचा स्कोअर काढून कधीच कळली नसती, माणसं स्क्रीनपुढे बसली म्हणून कळली.

एकशेचाळीस_नॉट

पायलटच्या बाजूने दोन शब्द. वरच्या प्रतिसादात ११ जुलै १९८८ कसा आला नाही? सेमिनार दिलायस म्हणजे तुला माहीत असणार, बाकीच्यांसाठी लिहितो. त्याच चाचणीच्या दिवसांत दुपारी चारच्या सुमारास स्टेपलटनच्या अप्रोचवर एक जबरदस्त मायक्रोबर्स्ट झाला आणि युनायटेडची पाच विमानं एकामागून एक त्याच्याकडे निघाली होती. रडारने पकडलं, डिस्प्लेवर आलं, टॉवरने वाचलं. लॉसचा आकडा वाढत वाढत ८० नॉटपर्यंत गेला. तरी आधीची विमानं आत शिरली, त्यातलं एक रनवेच्या मैलभर अलीकडे जमिनीपासून शंभर फुटांच्याही खाली गेलं होतं. सगळी गो-अराउंड करून, म्हणजे न उतरता परत वर जाऊन, सुखरूप सुटली. शेवटच्याने ८० ऐकलं आणि आत न शिरताच वर गेला.

आता तुझ्या पद्धतीने ही चाचणी पास का नापास? रडार पास. डिस्प्ले पास. कंट्रोलरनेही वाचलं. तरी पायलट येतच राहिले. का, तर एका दमात "मायक्रोबर्स्ट अलर्ट" आणि "क्लिअर्ड टू लँड" दोन्ही ऐकू येतं, आणि ज्याच्या मनात आधीच लँडिंग ठरलंय त्याला फक्त "क्लिअर्ड टू लँड" ऐकू येतं. नियमाने कंट्रोलर माहिती देतो, निर्णय कॅप्टनचा, हे बरोबरच आहे, टॉवरने रनवे बंद करावा असं मी म्हणत नाही. पण मग ट्रेनिंग लागतं. १९८७ ला एफएएची विंडशिअर ट्रेनिंग एड आली होती, तिचं सार एवढंच की टाळा, शिरून बघू नका.

अजून एक, नवख्यांना हे कळत नाही. मायक्रोबर्स्टमध्ये शिरताना आधी समोरचा वारा वाढतो, स्पीड वाढतो, विमान वर उचललं जातं. सहज हात थ्रॉटल मागे घेतो. मग खाली ढकलणारा वारा, आणि मग मागून वारा, आणि स्पीड गेलेला असतो तेव्हा इंजिन कमी पॉवरवर. म्हणून "लॉस" हा आकडा सोन्यासारखा. वाऱ्याची दिशा नि वेग सांगू नका, माझं काय जाणार ते सांगा. शार्लटला १९९४ ला यूएसएअर १०१६ पडलं (३७ मृत्यू) तेव्हा टॉवरकडून आलेला अलर्ट जुन्याच पद्धतीचा, ईशान्य कडेचा वारा सांगणारा. तिथे टीडीडब्ल्यूआर यायचं होतं पण जागेच्या भानगडीत रखडलं होतं.

उगाच_शंका

हे सगळं वाचून एकच प्रश्न पडतो, मध्ये माणूस हवाच कशाला? रडार मशीन, विमान मशीन, सरळ कॉकपिटमध्ये पाठवा की डेटा. कंट्रोलर वाचणार, रेडिओवर दुसरा कोणी त्याच वेळी बोलणार, पायलट "से अगेन" म्हणणार. १९८८ ची गोष्ट २०२० च्या पुढे कशाला उगाळायची?

बर्फाळ_कोलोरॅडो

@उगाच_शंका, पाठवतात की. टीडीडब्ल्यूआरच्या माहितीवरून एसीएआरएसने (विमान आणि जमीन यांच्यातल्या मजकुराच्या डेटालिंकने) कॉकपिटमध्ये मजकूर पाठवायची सोय नव्वदच्या दशकातच आली, आणि विमानाच्या नाकात पुढचा विंडशिअर बघणारं रडार १९९४ पासून प्रवासी विमानांत आहे. त्याच्या आधी नासाने आपलं बोईंग ७३७ ऑरलँडो आणि डेन्व्हरला मुद्दाम मायक्रोबर्स्टमध्ये घालून असली उपकरणं तपासली होती, आणि कुठे शिरायचं ते जमिनीवरचं टीडीडब्ल्यूआर बघून ठरवायचे. पण विमानातलं रडार फक्त स्वतःच्या समोरचं बघतं. मागच्या सहा विमानांना काय करायचं, रनवे बदलायचा का, होल्डमध्ये कोणाला पाठवायचं, हे कोण करणार? टॉवरच. माणूस काढून टाकला तरी त्याला कळायला तर हवंच.

टॉवरकाका

शिवाय शंकासाहेब, फायनलवर दोन मैलांवर पायलट प्रिंट झालेला मेसेज वाचत बसत नाही. त्याला कानातच सांगावं लागतं.

सांगलीचा_पंखा

बापरे, एका रात्रीत एवढं. सगळ्यांचे आभार, विशेषतः काकांचे. नकाशा सुपरवायझरच्या स्क्रीनवर टाकतो आणि टॉवरला ओळ, हे नक्की झालं. पण टेस्ट कशी घेऊ ते अजून अर्धंच कळलंय. समजा माझ्याकडे रेकॉर्ड केलेला एखादा वादळी दिवस आहे आणि तीन-चार कंट्रोलर आहेत, तर बसवून नक्की काय करायला लावू? आणि खोट्या अलार्मचं काय, ते मुद्दाम घालायचे का?

टॉवरकाका

हे विचारलंस ते बरं केलंस.

पहिलं म्हणजे नुसता अलर्ट दाखवून "वाचा" म्हणू नकोस, तसं कोणीही वाचेल. त्याला ट्रॅफिक दे. चार-पाच विमानं, खोटे पायलट म्हणून तुझे मित्र माईकवर बसव, आणि अलर्ट अशा वेळी सोड जेव्हा तो दुसऱ्या कोणाशी बोलतोय. मग मोज की ओळ पेटल्यापासून ज्या विमानाला ती लागू आहे त्याच्या कानात जाईपर्यंत किती सेकंद गेले. सगळ्यांच्या नाही, त्या विमानाच्या. बऱ्याचदा अलर्ट वाचला जातो पण चुकीच्या रनवेवाल्याला.

दुसरं, शब्द ऐक. ओळीत ५० नॉट आहे आणि तो "थोडा शिअर दिसतोय" म्हणाला तर लिहून ठेव. "मशीन सांगतंय, अजून कोणा पायलटने रिपोर्ट दिलेला नाही" असं पदरचं जोडलं तर ठळक लिहून ठेव, कारण एवढ्या एका वाक्याने समोरच्याचा अर्धा विश्वास उडतो. आम्ही लोक पायलट रिपोर्टवर वाढलोय, पुढचा उतरला आणि म्हणाला की पाचशे फुटांवर स्पीड दहा नॉट गेला, की तेच मागच्याला सांगायचं. मशीनपेक्षा माणसावर भरवसा ही जुनी सवय आहे आणि मायक्रोबर्स्टच्या बाबतीत ती घातक आहे, पुढचा सुखरूप उतरला म्हणजे दोन मिनिटांनी मागचा उतरेल असं अजिबात नाही.

तिसरं, दोन रनवेंवर एकदम वेगवेगळे अलर्ट दे. चौथं, अलर्ट संपतो तेव्हा काय होतं ते बघ, हे सगळेच विसरतात. ओळ विझली, आता पुढच्याला काही सांगायचं का नाही? आणि ओळ दर मिनिटाला बदलत राहिली, ३५, मग २५, परत ३५, म्हणजे मायक्रोबर्स्ट, मग विंडशिअर, परत मायक्रोबर्स्ट, तर माणूस वैतागतो आणि मग जुनाच आकडा सांगत राहतो.

खोटे अलार्म मुद्दाम घालच, पण प्रमाणात, आणि घातलेत हे आधी सांगू नकोस. पहिल्या तासात कंट्रोलर कसा बोलतो आणि दोन-तीन फुसके गेल्यावर कसा बोलतो, आवाजातला फरक तुला रेकॉर्डिंगवर ऐकू येईल, तिथे कोणी मार्क देऊन सांगणार नाही.

बर्फाळ_कोलोरॅडो

काकांच्या खोट्या अलार्मच्या मुद्द्याला पुरवणी. पायलट म्हणाला काही जाणवलं नाही म्हणजे अलार्म खोटा, असं धरू नको. डॉप्लर रडार फक्त स्वतःकडे येणारा किंवा दूर जाणारा वारा मोजतं, म्हणून टीडीडब्ल्यूआर विमानतळापासून दहाएक मैल लांब, रनवेच्या दिशेने नजर जाईल असं ठेवतात. तरी रडारने मोजलेला सगळ्यात मोठा फरक आणि विमानाने कापलेली वाट एकच नसते, विमान मायक्रोबर्स्टच्या कडेने गेलं तर ५० च्या जागी २० जाणवेल. तेव्हा तुझ्या सिम्युलेटरमध्ये तीन प्रकार ठेव, खरा, कडेने गेलेला, आणि अगदीच फुसका. मधल्या प्रकारानंतर कंट्रोलर पुढच्या विमानाला काय सांगतो ते सगळ्यात बघण्यासारखं असेल.

आणि डेन्व्हरचाच दिवस वापरायचा हट्ट नको. हाँगकाँगला लांताऊच्या डोंगरांमुळे स्वच्छ हवेत शिअर होतो, पावसाचा ढगही नसतो, म्हणून तिथे २००२ ला रडारच्या जोडीला लिडार (लेझरने वारा मोजणारं यंत्र) बसवला. तिथला शिअर तासन्‌तास चालू राहतो, म्हणजे अलर्टही तासन्‌तास. तिथे कंट्रोलरची दमछाक वेगळीच.

एकशेचाळीस_नॉट

खोटे पायलट म्हणून मित्र बसवशील तर त्यांना एक काम दे. प्रत्येक अलर्टनंतर कागदावर लिहायचं, किती नॉट, कुठे, आणि मी असतो तर काय केलं असतं. कंट्रोलरचा कागद आणि यांचा कागद शेजारी ठेव. शक्य असलं तर एक-दोन खरे फर्स्ट ऑफिसर पकड, सुट्टीच्या दिवशी चहा-वड्यावर येतात. मी पुण्यात असलो तर मीही येईन.

सांगलीचा_पंखा

सर नक्की, व्यनि करतो. काका, तुम्ही सुपरवायझरच्या खुर्चीत बसाल का? मेच्या शेवटी ठेवायचा विचार आहे.

टॉवरकाका

बसतो. पण मेच्या शेवटी नोकरीतले कंट्रोलर तुला मिळणार नाहीत, तेव्हा वळवाने सगळ्यांच्या ड्युट्या तंग असतात. एप्रिलमध्ये घे. आणि स्क्रीन उन्हात ठेवून बघ एकदा, टॉवरला चारी बाजूंनी काचा असतात, तुझा तो लाल रंग दुपारी तीनला दिसतो का ते आधी तपास. रात्री तोच डोळ्यात खुपतो, तेव्हा प्रकाश कमी करायचं बटण हाताशी ठेव, मेनूत लपवू नकोस.